एल्कसाठी रान निवडताना: नावाजलेलं की जवळचं?

पत्र

मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं डेन्व्हरजवळ अरोरा इथे राहतो. ग्रीन कार्ड आहे. यंदा शिकार-सुरक्षेचा कोर्स पूर्ण केला. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याबरोबर ऑक्टोबरअखेरच्या दुसऱ्या रायफल हंगामात एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचं ठरलंय. सुट्टी मोजून पाच दिवस. आधी रान बघायला फार तर दोन वीकेंड मिळतील, कारण मुलगी लहान आहे आणि बायकोची हॉस्पिटलात शिफ्टची नोकरी. यादीत तीन जागा उरल्यात: मीकरजवळचं फ्लॅट टॉप्स, ग्रँड मेसा, आणि बर्थुड पास ओलांडून ग्रॅनबीच्या आसपासचं रान. ज्याला विचारावं तो म्हणतो, एल्क म्हणजे फ्लॅट टॉप्स. सहकाऱ्याचं म्हणणं, रस्त्यापासून जितकं लांब तितकं बरं. कुठली जागा धरू? आणि दोन वीकेंडांत टेहळणी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

— अ. पा., अरोरा, कोलोराडो

उत्तर

अ. पा., नमस्कार.

ग्रॅनबी धरा. का, ते आता सांगतो.

फ्लॅट टॉप्सबद्दल तुम्हाला सांगितलं ते खोटं नाही. सगळ्या अमेरिकेत सर्वांत जास्त एल्क कोलोराडोत, पावणेतीन-तीन लाखांच्या घरात, आणि त्यातला सर्वांत मोठा कळप म्हणजे व्हाइट रिव्हरचा, फ्लॅट टॉप्सच्या पठारावरचा. पण राज्यात किती एल्क आहेत याने तुमच्या पाच दिवसांत फरक पडत नाही. तुम्ही ज्या एका खोऱ्यात उभे आहात तिथे त्या सकाळी ते आहेत का, एवढाच प्रश्न असतो. अरोराहून मीकरला पोचायला चार-साडेचार तास, ग्रँड मेसालाही तेवढेच. म्हणजे दोन दिवसांच्या वीकेंडातला एक दिवस गाडीतच जाणार. ग्रॅनबी दोन-सव्वादोन तासांवर आहे. पहाटे साडेतीनला निघालात तर उजाडायच्या आत दुर्बीण लावून बसता येतं आणि रात्री जेवायला घरी पोचता येतं. मुलीच्या वाढदिवसाच्या आणि बायकोच्या शिफ्टच्या मधे सापडलेला एखादा सुटा शनिवारसुद्धा मग कामी येतो. तुमचे दोन वीकेंड मीकरला दोनच राहतील, ग्रॅनबीला त्यांचे सहज चार होतील.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमचा सहकारी इथलाच असेल तर त्याच्या घरात कुणीतरी 'आजोबांची जागा' म्हणून एखादं रान सांगितलेलं असतं: कुठल्या वळणावर गाडी लावायची, बर्फ पडला की कळप कुठल्या खिंडीतून उतरतो. आपल्या घरात हे ज्ञान यायला वावच नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकार हा विषयच उरला नाही, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे तुम्हाला ती जागा स्वतः कमवावी लागणार. ती कमवायची तर दर वर्षी तिथेच परत जाता आलं पाहिजे. जुलैत मुलीला घेऊन तंबू टाकायला गेलात तरी टेहळणी होते. चार तासांवरच्या रानाशी असं नातं जुळत नाही.

आता टक्केवारीबद्दल, कारण तुम्ही ती बघितली असणारच. कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, इथे सगळे ज्याला सीपीडब्ल्यू म्हणतात, ते खातं दर वर्षी प्रत्येक युनिटचे, म्हणजे शिकारीसाठी राज्याचे जे क्रमांकवार विभाग पाडलेत त्यांचे, आकडे काढतं: किती शिकारी गेले, किती एल्क पडले. ते जरूर बघा, पण 'यश इतके टक्के' या रकान्यावरून रान निवडू नका. त्या एका आकड्यात खाजगी रँचवर पैसे भरून गेलेले, घोडेवाला गाइड घेऊन गेलेले आणि तुमच्यासारखे पायी जाणारे सगळे एकत्र मिसळलेले असतात. राज्यभराची सरासरी पाचात एक, किंवा त्याहूनही कमी. दोन युनिटांमधल्या चार-पाच टक्क्यांच्या फरकावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी बघा: त्याच हंगामात त्या युनिटात शिकारी किती होते, आणि युनिटातली सरकारी जमीन किती. शिकारी थोडे आणि जमीन बरीच सरकारी, तर टक्केवारी जरा कमी असली तरी मी तेच घेईन. ग्रॅनबीला डेन्व्हरची गर्दी येते, हे मान्य. पण गर्दी ठरलेल्या जागी येते आणि ठरलेल्या वेळी येते. म्हणून तिचा उपयोगही करून घेता येतो. त्याकडे पुढे येतो.

ग्रॅनबीची ढोबळ विभागणी अशी: कोलोराडो नदीच्या आणि हायवे ४० च्या उत्तरेला युनिट १८, दक्षिणेला विल्यम्स फोर्क आणि विंटर पार्कच्या बाजूला युनिट २८. दोन्हींत अरापाहो राष्ट्रीय वनाची मोठी जमीन आहे. खाली नदीकाठाला रँचेस आहेत आणि पश्चिमेला हॉट सल्फर स्प्रिंग्ज ते क्रेमलिंगपर्यंत सेजब्रशचे, म्हणजे राखाडी खुरट्या झुडपांचे, उघडे डोंगर, जिथे थंडीत कळप उतरतात. तुमचा परवाना कुठल्या युनिटांत चालतो ते यंदाच्या पुस्तिकेत शब्द न् शब्द वाचा. हे नियम दर वर्षी थोडे हलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या कुणाच्याही सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. १८ ची पूर्वेकडची हद्द रॉकी माउंटन नॅशनल पार्कला भिडते. पार्कात शिकार नाही. हद्दीच्या आत एल्क निवांत चरताना दिसतील आणि दिवसभर आशा लावतील. पहिल्या वर्षी त्या हद्दीपासून लांबच राहा.

एका युनिटात शेकडो चौरस मैल येतात, ते पायांनी बघून होत नाही. म्हणून आधी नकाशावर खोडाखोड करायची. मी तुमच्या जागी असतो तर चार संध्याकाळी घरीच बसलो असतो. सीपीडब्ल्यूचा हंटिंग अ‍ॅटलस इंटरनेटवर फुकट आहे. त्यात एल्कचं उन्हाळी क्षेत्र, हिवाळी क्षेत्र आणि जाण्यायेण्याच्या वाटा रंगवलेल्या असतात. दुसरा नकाशा वनखात्याचा, कुठल्या रस्त्यावर कुठली गाडी केव्हा चालते ते दाखवणारा. तोही फुकट, दिसायला अगदी रूक्ष, पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. तिसरं म्हणजे ऑनएक्ससारखं एखादं अ‍ॅप, सरकारी आणि खाजगी जमिनीची रेषा दाखवणारं. कोलोराडोत जमीनमालकाने पाटी किंवा कुंपण लावलंच पाहिजे असं नाही. पाटी नव्हती म्हणून आत शिरलो, ही सबब चालत नाही. नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, डोंगरात रेंज नसते.

आता खोडा. खाजगी जमीन खोडा. पार्क खोडा. मोठ्या गाड्या आणि चारचाकी बाइक जिथवर जातात त्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-पाऊण मैलाची पट्टी पेन्सिलने पुसट करा. ऑरेगनमध्ये ला ग्रँडजवळ स्टार्की नावाचं कुंपण घातलेलं संशोधन-रान आहे. तिथे १९८९ पासून रेडिओ कॉलर लावलेल्या एल्कवर काम चाललंय. वाहतुकीच्या रस्त्यांपासून एल्क दूर सरकतात हे तिथे पुन्हा पुन्हा दिसलं. पायी चालणाऱ्यांपेक्षा चारचाकी बाइकला ते जास्त बिचकतात, हेही. म्हणून ती पट्टी आधी पुसट करायची.

पण पुसट करा म्हटलं, खोडा नाही म्हटलं. इथेच तुमच्या सहकाऱ्याशी माझं जमत नाही. 'जितकं लांब तितकं बरं' हे ऐकायला मर्दानी वाटतं, आणि नेमकं म्हणूनच दर वर्षी पहाटे तीनला हेडलॅम्प लावून पाच-पाच मैल चालत जाणारे बरेच असतात. ते सगळे एकाच चांगल्या ट्रेलने जातात आणि ट्रेल संपतो तिथे एकमेकांना भेटतात. रस्त्यापासून एक ते दीड मैलावर, पण मधे ओढा, पडझडीचा पट्टा किंवा अंगावर येणारी चढण, अशी जागा शोधा. तिथे ट्रेल जात नाही, म्हणून माणूसही जात नाही. एल्कला मैल मोजता येत नाहीत. माणसाचा त्रास कुठे नाही एवढं मात्र त्याला चांगलं कळतं.

अंतराचा दुसरा हिशेब मांसाचा आहे, आणि नवखे तो हमखास विसरतात. वाढलेल्या नराचं नुसतं हाडाविना मांस दोनशे पौंडांच्या आसपास निघतं. ते पाठीवरून आणायचं तर साठ-साठ पौंडांच्या चार फेऱ्या धरा. दोघांत मिळून प्रत्येकी दोन. गाडीपासून तीन मैलांवर पाडलात तर प्रत्येकाने ओझं घेऊन तीन मैल यायचं, रिकामं तीन मैल परत जायचं, पुन्हा ओझं घेऊन तीन मैल. म्हणजे नऊ मैल, दहा हजार फुटांवर, बहुधा अंधारात, आणि शिंगं व सामान वेगळंच. एक मैलावर पाडलात तर हेच तीन मैलांवर येतं. कायद्याने 'वाइल्डरनेस' म्हणून राखलेल्या रानात शिकार चालते, पण हातगाडीसुद्धा नेता येत नाही, चाक म्हणून नाहीच. मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी तसं करायचं नसतं. तेव्हा दोघांनी सप्टेंबरात पाठीवर साठ पौंडांच्या वाळूच्या पिशव्या घेऊन डोंगर चढून बघा. जे अंतर जमेल त्याच्याबाहेरचा नकाशा खोडून टाका.

आता उरलेल्या भागात काय शोधायचं? ऑक्टोबरअखेर माजाचा काळ उलटलेला असतो. सप्टेंबरात शिट्टीसारखं ओरडत फिरणारा तो नर आता गप्प असतो, झिजलेला असतो, आणि त्याला फक्त खायचं आणि लपायचं असतं. मोठे नर एकेकटे किंवा दोघे-तिघे मिळून आडबाजूला जातात, माद्या आणि पिल्लं मोठ्या कळपात राहतात. तुमचा परवाना नराचा असेल तर दोनशे माद्यांचा कळप दिसला म्हणून हुरळू नका. बहुतेक युनिटांत कायदेशीर नर म्हणजे एका शिंगाला निदान चार टोकं, किंवा कपाळावरचं टोक निदान पाच इंच. दुर्बिणीतून तेवढं दिसेपर्यंत बोट चापापासून लांब ठेवायचं.

नकाशावर मी शोधतो ते असं: दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड असलेला उघडा गवताळ उतार, आणि त्याच डोंगराच्या पाठीला उत्तरेकडचं दाट, काळोखं स्प्रूस-फरचं जंगल. दोहोंच्या मधे फार तर अर्धा मैल. उघड्यावर रात्री आणि पहाटे चरणं, उजाडलं की पाठीमागच्या गारव्यात जाऊन बसणं. त्या काळोख्या उतारावर मधेच एखादी सपाटी असेल, म्हणजे नकाशावरच्या उंचीच्या रेषा एकदम विरळ झालेल्या दिसतात, तर तिथे खूण करा. बसायला एल्कला अशी सपाटी आवडते. पाणी जवळ असलं तर छान, पण ऑक्टोबरअखेर ग्रॅनबीकडे पाण्यासाठी कुणाचं अडत नाही.

१८ मध्ये आणखी एक गोष्ट आहे. २०२० च्या ऑक्टोबरात ईस्ट ट्रबलसम नावाचा वणवा इथे पेटला. एका दिवसात लाखभर एकर जाळत, वर खंडाची पाणलोट रेषा ओलांडून पलीकडे गेला. एकूण १ लाख ९३ हजार एकरांहून जास्त जमीन जळली. जळक्या रानात उजेड जमिनीपर्यंत पोचतो, गवत आणि कोवळे अ‍ॅस्पेन उगवतात, आणि एल्क तिथे चरायला येतात. नकाशात वणव्याची सीमा बघा आणि जळलेलं व न जळलेलं जंगल जिथे भिडतं ती कड धरा. आतमध्ये, भर जळक्या रानात मात्र वारा असताना जाऊ नका. उभी मेलेली झाडं न सांगता पडतात. तंबू तर तिथे अजिबात टाकायचा नाही. या भागात खोडकिड्याने मारलेले लॉजपोल पाइनही भरपूर पडलेले आहेत. वरून हिरवट दिसणारा पट्टा आत गेल्यावर कमरेइतक्या ओंडक्यांचा निघतो आणि तासाला अर्धा मैलसुद्धा सरकता येत नाही. उपग्रहाच्या चित्रात ही पडझड नीट कळत नाही. अशा गोष्टींसाठीच तुमचे दोन वीकेंड खर्च करायचे.

म्हणजे टेहळणीत एल्क शोधायचे नाहीत. हे वाक्य विचित्र वाटेल, पण सप्टेंबरात दिसलेला एल्क ऑक्टोबरअखेर त्याच कुरणावर भेटेल याची काही खात्री नसते. मधे माज येऊन जातो, धनुष्यवाल्यांचा हंगाम येतो, पहिला रायफल हंगाम येतो, कधी बर्फ येतो. तुमच्या मोजक्या वेळात जे बदलत नाही ते बघून घ्या. रस्ता तुमच्या गाडीला झेपतो का, शेवटचं गेट केव्हा बंद होतं, गाडी कुठे लावायची, बसून दुर्बीण लावायला उंचवटा कुठला, तिथून किती उतार दिसतात, आणि तो ओढा खरंच ओलांडता येतो का. घरी नकाशावर सात-आठ जागा निवडल्या असतील तर दोन वीकेंडांनंतर त्यातल्या तीन उरल्या पाहिजेत. चार-पाच रद्द झाल्या तर टेहळणी उत्तम झाली असं समजा.

पहिला वीकेंड सप्टेंबरच्या शेवटी. संध्याकाळी आणि पहाटे उंचवट्यावर बसा, दहा बाय बेचाळीसची दुर्बीण तिपाईवर लावा, आणि चालू नका. एका जागेवरून तीन दऱ्या न्याहाळता येतात, चालून एकही धड होत नाही. दिवसा उन्हात त्या सपाट्यांवर जाऊन खुणा बघा. इथे डोळा जरा बारीक ठेवायला हवा. ओली हिरवळ खाणाऱ्या एल्कची उन्हाळ्यातली विष्ठा गुरांसारखी, पो पडावा तशी मऊ असते. गवत वाळायला लागलं की तिच्या सुट्या, बोराएवढ्या लेंड्या होतात. म्हणजे वाळलेले पो दिसले तर कळप जुलै-ऑगस्टात होता. लेंड्या दिसल्या तर अलीकडे होता, आणि लेंडी मोडून आत हिरवट ओल असेल तर आज-कालचाच. कोवळ्या झाडांची साल शिंगांनी सोललेली दिसली तर नर होता, पण सप्टेंबरात. अ‍ॅस्पेनच्या खोडांवर माणसाच्या डोक्याच्या उंचीला जुने काळे खरबरीत व्रण असतील तर थंडीत कळप इथे साल खाऊन राहतो. ती जागा नकाशावर 'बर्फ पडल्यावर' म्हणून टिपून ठेवा. आणि जिथे एल्क बसतात तिथे वास असतो, गोठ्यात शिरल्यासारखा, ओला आणि उग्र. तो एकदा नाकात बसला की पुढे तुम्ही पावलागणिक नाक वर करून चालायला लागता.

दुसरा वीकेंड जमला तर पहिल्या रायफल हंगामातला, ऑक्टोबरच्या मध्यावरचा. रानात घुसू नका, दुसऱ्यांची शिकार बिघडेल. फक्त पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यांवरून फिरा आणि गाड्या मोजा. कुठल्या ट्रेलहेडवर, म्हणजे ट्रेलच्या तोंडाशी, पंधरा गाड्या आहेत, कुठल्या वळणावर एकही नाही, कुठे घोड्यांचे ट्रेलर उभे आहेत. हीच ती गर्दी, जिचा उपयोग करायचा. नकाशावर माणसं कुठून शिरतात ते बाणांनी काढा. मग ती शिरल्यावर एल्क कुठल्या खिंडीतून दुसऱ्या दरीत सरकतील ते बघा आणि पहिल्या दिवशी उजाडायच्या आधी त्या खिंडीच्या आसपास जाऊन बसा. हंगामाच्या पहिल्या सकाळी अख्खं डेन्व्हर तुमच्यासाठी हाका घालत असतं, त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही. या वीकेंडला नारिंगी जाकीट घालून जा.

वाऱ्याचंही इथेच बघून घ्या. डोंगरातली थंड हवा पहाटे उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा उतरते. पहाटे एल्कच्या खाली राहायचं, दुपारी वर. तुमची एखादी लाडकी जागा अशी असेल की तिथे पहाटे फक्त वरूनच पोचता येतं, तर ती संध्याकाळसाठी ठेवा किंवा सोडून द्या.

बर्फाचा अंदाज मात्र कुणीच आधी देऊ शकत नाही, आणि दुसऱ्या हंगामात सगळं त्याच्यावरच ठरतं. म्हणून उरलेल्या तीन जागा एकाच उंचीच्या नकोत. एक दहा-साडेदहा हजार फुटांवर, एक नऊ-साडेनऊवर, आणि एक खाली, जंगल आणि सेजब्रश भेटतात त्या कडेला, सरकारी जमिनीवर. कोरडा ऑक्टोबर असला तर वरून सुरू करा, कारण नर वरच्या आडोशांत असतात. थोडा बर्फ पडला तर लगेच खाली पळू नका. एल्क खुराने बर्फ उकरून खातो, फूटभर बर्फाचं त्याला काही वाटत नाही. दीड-दोन फूट साचला की कळप उतरायला लागतात, आणि तेव्हा मधली जागा, मग खालची. एका जागी दोन सकाळी आणि एक संध्याकाळ ताजी खूण दिसली नाही की तंबू उचला. पाच दिवसांच्या शिकारीत तीन दिवस 'येतील, येतील' म्हणत एकाच दरीत बसणारे मी फार बघितलेत.

ग्रॅनबीत आणखी एका प्राण्याची सवय करून घ्यावी लागेल: मूस. १९७८ साली शेजारच्या नॉर्थ पार्कमध्ये ते आणून सोडले आणि आता या भागात ते सर्रास दिसतात. दर हंगामात कुणीतरी एल्क समजून मूस पाडतो आणि मोठ्या दंडाला सामोरा जातो. मूसचं अंग सगळीकडे जवळजवळ काळं, नाक लांब आणि पुढे लोंबणारं, नराची शिंगं पसरट. एल्कचं अंग फिकट बदामी, मान गडद, ढुंगण पिवळसर पांढरं. मादी मूसच्या बाबतीत चूक होते, तिला शिंगं नसतात. संध्याकाळच्या उजेडात रंग कळेनासा झाला की बंदूक खाली. वेळेची मर्यादा सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास आहे, पण त्या शेवटच्या दहा मिनिटांत गोळी झाडायची सक्ती नाही.

बारीकसारीक भराभर सांगतो. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार-सुरक्षेचं कार्ड लागतं, ते तुम्ही काढलंत. खिशात असू द्या. हॅबिटॅट स्टॅम्प, म्हणजे वन्यजीवांच्या अधिवासासाठीच्या शुल्काची पावती, घ्या. रायफल हंगामात अंगावर ५०० चौरस इंच चकाकता नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी. मांस सुटं केलं तरी नर-मादीची खूण त्याला लागून राहिली पाहिजे. त्या युनिटात सीडब्ल्यूडी या हरणांच्या रोगाची तपासणी यंदा सक्तीची आहे का ते पुस्तिकेत बघा. नसली तरी मुलीच्या ताटात जाणार आहे म्हणून करून घ्या. तुमचं ग्रीन कार्ड आहे म्हणून पुढचं तुम्हाला लागू नाही, पण हे वाचणाऱ्यांत एच-वन बीवाले बरेच असतील: तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना हा तिला एक अपवाद आहे. मित्राची बंदूक नुसती हातात घेण्याआधीही वकिलाला विचारा.

सीपीडब्ल्यूच्या स्थानिक कार्यालयात फोन करा. लोक लाजतात, कशाला ते काय माहीत. फक्त 'एल्क कुठे आहेत?' असं विचारू नका, असं विचारणाऱ्याला सगळीकडे सारखंच उत्तर मिळतं. घरचा अभ्यास झाल्यावर विचारा: 'मी अमुक ओढ्याच्या उत्तरेची बाजू बघतोय, तिथे पहिल्या हंगामात किती माणसं येतात? बर्फ पडला तर कळप पलीकडच्या खाजगी रँचवर उतरतात का?' नाव घेऊन विचारलं की माणूस नकाशा उघडून बोलतो. हॉट सल्फर स्प्रिंग्जला त्यांचं कार्यालय आहे, जाता-येता डोकावताही येईल.

सहकाऱ्याला फ्लॅट टॉप्सच हवं असेल तर भांडू नका. यंदा ग्रॅनबी, आणि त्याची हौस पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, दोन्ही घरं घेऊन, बंदुकीविना. तिथल्या ट्रॅपर्स लेकला ट्राउट मासे गळाला चांगले लागतात.